पाचवी चिमणी

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या कार्यकारिणीने आम्हांस या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहोत. विषय सुचविण्यात आला तो 'दैनंदिन जीवनातील श्रद्धा' हा. ऐकावयास सोपा, आचरावयास कठीण. रविवारी मिस्सेला गुडघे टेकून बसलेला माणूस ख्रिस्ती आहे हे ओळखावयास विद्वत्ता लागत नाही. परंतु सोमवारी पहाटे वसई स्थानकावर लोकलच्या गर्दीत शिरणारा, दुपारी साहेबाचे बोल खाली मान घालून ऐकणारा आणि रात्री थकून आल्यावर मुलांवर खेकसणारा तोच माणूस ख्रिस्ती आहे, हे कशावरून ओळखावे? आणि त्याहूनही नाजूक प्रश्न असा की, या साऱ्या धावपळीत त्या माणसाला स्वतःचे मोल काय वाटत असते? आमच्या अल्पमतीप्रमाणे हे दोन प्रश्न निरनिराळे नाहीत. आपले मोल कोणी ठरविले हे ज्याला कळले, त्याची श्रद्धा सोमवारीही टिकते. ज्याला ते कळले नाही, त्याची श्रद्धा रविवारच्या कपड्यांबरोबर घडी होऊन कपाटात जाते.

अशा प्रसंगी समाजाच्या थोर परंपरेचे गुणगान करण्याचा प्रघात आहे. तो प्रघात मोडावा अशी आमची इच्छा नाही. परंतु ते काम आमच्याहून अधिक योग्य वक्ते करतीलच. आम्ही प्रारंभ करणार आहोत तो एका चिमणीपासून.

प्रभू येशूने आपल्या शिष्यांना धीर देताना चिमण्यांचा दाखला दिला, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण हा दाखला शुभवर्तमानांत दोन ठिकाणी आला असून दोन्ही ठिकाणचा भाव सारखा नाही, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात. लूकच्या बाराव्या अध्यायात मात्र दोन नाण्यांना पाच मिळतात. आम्ही जन्मभर मुलांना त्रैराशिक शिकविले, त्यामुळे ही विसंगती आमच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. एका नाण्याला दोन, तर दोन नाण्यांना किती? चौथीतले मूलही चार असे उत्तर देईल. मग ही पाचवी चिमणी आली कोठून?

आपल्या माताभगिनी पिढ्यान्‌पिढ्या वाडीतली भाजी, फुले आणि केळी घेऊन मुंबईच्या बाजारात जात आल्या. हे कोडे त्यांना आम्हां मास्तरांपेक्षा लवकर उलगडेल. गिऱ्हाइकाने चार जुड्या एकदम घेतल्या म्हणजे वर मूठभर कोथिंबीर फुकट घालावी लागते. तिचा भाव कोणी विचारीत नाही आणि हिशेबातही ती धरली जात नाही. पाचवी चिमणी म्हणजे ती वर घातलेली मूठभर कोथिंबीर. विकणाऱ्याच्या लेखी तिची किंमत शून्य, घेणाऱ्याच्या लेखीही शून्य.

हिशेब थोडा पुढे नेऊ. चिमण्या हे त्या काळच्या गरिबांचे स्वस्त अन्न होते. दाखल्यातले ते नाणे हलके, तांब्याचे. तशी सोळा नाणी मिळून एक दिनार होई, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे दिवसभर राबणाऱ्या मजुराने आपली सारी मजुरी चिमण्यांवर खर्च केली, तर लूकच्या भावाने त्याला चाळीस चिमण्या मिळाल्या असत्या. त्यांपैकी बत्तीस पैशांच्या आणि आठ फुकटच्या. आता या दाखल्याचे मर्म पाहा. ज्या ठिकाणी फुकट घातलेल्या चिमणीचा उल्लेख आहे, त्याच ठिकाणी प्रभू सांगतो की त्या पाचांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही. चौघींची आठवण दुकानदारही ठेवील, कारण त्यांचे पैसे आले आहेत. पाचवीची आठवण ठेवणारा एकटा देव. बाजाराचा भाव आणि माणसाचे मोल या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे सांगण्यासाठी याहून साधा आणि याहून खोल दाखला आम्हांस तरी आढळला नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या घरांत आणि आपल्या समाजात ही पाचवी चिमणी कोण आहे, याचा आपण विचार करावा, एवढ्यासाठीच आम्ही हा दाखला घेतला. शाळेत अनेक वर्षे काढल्यामुळे आमच्या डोळ्यांसमोर प्रथम येते ते दहावीच्या निकालाच्या दिवशीचे मूल. नव्वद टक्के मिळविणाऱ्याच्या घरी पेढे येतात, दारात फलक लागतो. बावन्न टक्के मिळविणारे मूल त्या दिवशी मागच्या दाराने घरात येते. ते मूल आजारी आजोबांना रोज औषध देते, विहिरीवरचा पंप दुरुस्त करते, शेजारच्या घरात कोणी गेले तर रात्रभर जागते. परंतु यांतल्या कशालाही गुणपत्रिकेत रकाना नाही. आम्ही स्वतः गुणपत्रिका लिहिणारे, म्हणून अधिकाराने सांगतो की, गुणपत्रिका हे उत्तरपत्रिकेचे मोजमाप आहे, मुलाचे नव्हे.

दुसरी व्यक्ती म्हणजे वाडी विकून बसलेला वृद्ध. रहाटाचा आवाज, पानवेलीची निगा, केळीचा घड उतरविण्याची वेळ, हे त्याचे ज्ञान पुस्तकात मिळणारे नव्हते. आज तो चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत बसतो. त्याच्या जमिनीचा भाव चौरस फुटावर सर्वांना पाठ आहे. त्याच्या ज्ञानाचा भाव कोणी विचारीत नाही. तिसरी व्यक्ती म्हणजे ती गृहिणी, जिला कोणी काय करता असे विचारले तर ती मान खाली घालून 'काही नाही, घरीच असते' असे उत्तर देते. चौथा तो तरुण, जो परदेशी नोकरीसाठी गेला आणि नोकरी सुटल्यामुळे परत आला, आणि आता सणासमारंभांना जाणे टाळतो. ही यादी प्रत्येकाने आपल्या घरापुरती पुरी करावी.

आता एक स्पष्ट बोल बोलणे आमचे कर्तव्य आहे. बाजाराचे तराजू केवळ बाजारातच असते असे नाही. ते समाजाच्या मंडपातही असते. सोयरीक जुळविताना घराणे, कूळ, मूळ यांची चर्चा आपण किती आवेशाने करतो! आपले पूर्वज अमुक होते, आपले रक्त तमुक आहे, असे सांगताना आपली छाती फुगते. पूर्वजांविषयी आदर असावा, भाषा, पेहराव, गाणी, खाद्यपदार्थ जतन करावेत. मंडळाचे ते कार्य स्तुत्यच आहे. शिष्यवृत्त्या, आजारपणातील साहाय्य, अडीअडचणीला धावून जाणे, यांसाठी समाज संघटित असलाच पाहिजे. परंतु समाज हा एकमेकांना हात देण्यासाठी आहे की एकमेकांना तोलण्यासाठी, हा प्रश्न प्रत्येक पिढीने स्वतःला विचारावयास हवा. याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही आपणांस दूर नेत नाही. आपल्याच वसईच्या एका सुपुत्राकडे नेतो.

संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव आपल्या मुलांच्या तोंडी आहे. त्यांचे चरित्र मात्र सणापुरते सांगितले जाते. सन १५५६च्या सुमारास ते वसईत जन्मले. १५३४ पासून वसई पोर्तुगीज सत्तेखाली होती. पिता पोर्तुगीज, माता येथील, असे हे मूल. कुळाच्या शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्यांच्या दृष्टीने ते ना इकडचे, ना तिकडचे. वसईच्या किल्ल्यात जेजुइट धर्मगुरूंपाशी त्यांचे शिक्षण झाले आणि किशोरवयातच ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली आणि अनेक वर्षे धर्मशिक्षण देण्याचे काम केले. त्या संघात प्रवेश मिळावा अशी त्यांची तळमळ होती. प्रवेश मिळाला नाही. ज्याच्यासाठी तारुण्य वेचले ते दार बंद झाले, असा तो प्रसंग.

अशा वेळी माणूस दोन गोष्टी करतो. एक तर कडवट होतो, नाही तर स्वतःला कमी लेखू लागतो. गोन्सालोंनी तिसरी गोष्ट केली. त्यांनी व्यापार आरंभिला, तो प्रामाणिकपणे चालविला आणि त्यात यश मिळविले. पुढे फिलिपाइन्समध्ये मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर केवळ बंधू म्हणून. मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार त्यांना कधीच लाभला नाही. परंतु १५९३ मध्ये फादर पीटर बाप्टिस्ट यांचे शिष्टमंडळ जपानच्या सत्ताधीशाकडे, हिदेयोशीकडे, गेले तेव्हा त्यांच्या वतीने बोलावयास हाच वसईचा बंधू उभा राहिला. मोठमोठ्या विद्वानांना जे साधले नसते ते त्यांच्या जपानी भाषेने साधले. नाकारले गेल्यावरही शिकलेली भाषा ते विसरले नाहीत, आणि देवाने तिचा उपयोग करून घेतला.

पुढे वारे फिरले. १५९६च्या अखेरीस या मंडळींना अटक झाली. क्योटो येथे प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली. ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसांवर चढविण्यात आले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संतपद दिले. भारतात जन्मलेल्या व्यक्तींपैकी संतपद लाभलेले पहिले ते हेच, आपल्या वसईचे गोन्सालो.

या सव्वीस जणांच्या यादीवर आपण थोडा वेळ थांबावे अशी आमची विनंती आहे. तिच्यात सहा फ्रान्सिस्कन आणि तीन जपानी जेजुइट आहेत. उरलेले सतरा जण साधे जपानी प्रापंचिक. त्यांत एक सुतार आहे, एक वैद्य आहे, एक धनुष्ये तयार करणारा कारागीर आहे, आणि एक ओसाका येथे फ्रान्सिस्कनांकडे स्वयंपाक करणारा आचारी आहे. बारा, तेरा आणि चौदा वर्षांचे तीन मुलगे आहेत. सुताराचे नाव तर मूळ यादीत नव्हतेच. बंदिवानांची सेवा करण्यासाठी तो वाटेने त्यांच्या मागून चालत राहिला आणि शेवटी त्यांच्यातच घेतला गेला. ख्रिस्तसभेने त्यांना वंदन करताना आचाऱ्याला खालच्या पायरीवर आणि धर्मगुरूला वरच्या पायरीवर बसविले नाही. सव्वीस क्रूस एका ओळीत होते, आणि वेदीवरही ते एकाच ओळीत आहेत.

आता थोडा विनोद करण्याची परवानगी असावी. गोन्सालो गार्सिया आज वसईत असते आणि त्यांच्या आईवडिलांनी आपल्या वधू-वर सूचीसाठी अर्ज भरला असता, तर 'मूळ कूळ' या रकान्यात त्यांनी काय लिहिले असते? आणि तो अर्ज वाचून आपल्यापैकी किती जणांनी पुढे बोलणी चालविली असती? ज्याच्या नावाने आपण शाळा-महाविद्यालये चालवितो, ज्याच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावतो, त्यालाच आपल्या तराजूत घातले असता पारडे वर गेले असते. तेव्हा दोष पारड्यातल्या माणसाचा नव्हे, तराजूचा आहे, हे निराळे सांगावयास नको.

कोणी म्हणेल, हुतात्म्यांची गोष्ट निराळी. आम्हां संसारी माणसांना क्रूस कोठे आहे? यासाठी आपण प्रभू येशूच्या स्वतःच्या आयुष्याचा हिशेब मांडू. उपदेशास प्रारंभ केला तेव्हा त्याचे वय सुमारे तीस वर्षांचे होते, असे लूकने नमूद केले आहे. म्हणजे लोकांनी पाहिले, ऐकले आणि लिहून ठेवले ते अगदी शेवटच्या थोड्या वर्षांचे. त्यापूर्वीची बहुतेक सारी वर्षे नासरेथसारख्या आडगावात, सुताराच्या घरी, लाकूड तासण्यात, पाणी भरण्यात, आईवडिलांच्या शब्दात राहण्यात गेली. त्या वर्षांविषयी शुभवर्तमानांत जवळजवळ काहीच नाही. परंतु जे लिहिले गेले नाही ते व्यर्थ गेले, असे कोण म्हणेल? आपल्यापैकी बहुतेकांचे सारे आयुष्य हे असेच न लिहिले जाणारे आयुष्य आहे. देवाने स्वतः माणूस होऊन आपल्या आयुष्याचा मोठा भाग असाच घालविला, या एका गोष्टीने घरकामाला, शेतीला, कारखान्यातल्या पाळीला जो मान मिळाला आहे, तो कोणत्याही मानपत्राने मिळणार नाही.

येथे घरीच असणाऱ्या भगिनींसाठी एक उदाहरण सांगतो. लक्ष्मीबाई टिळक आपल्या पंथाच्या नव्हत्या, त्या प्रॉटेस्टंट. परंतु त्यांचे ऋण साऱ्या मराठी ख्रिस्ती समाजावर आहे. १८६८ मध्ये जन्मलेल्या या बाईंचे रीतसर शालेय शिक्षण झाले नव्हते. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत त्या वाढल्या. पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. पुढे १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांनी उतारवयात 'स्मृतिचित्रे' लिहिली. १९३४ ते १९३६ या काळात ती चार भागांत प्रसिद्ध झाली आणि आज मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत तिची गणना होते. त्या ग्रंथात काय आहे? स्वयंपाकघर आहे, बिऱ्हाडे बदलण्याची यातायात आहे, आलेल्यागेलेल्याचे जेवण आहे, पतीचा लहरी स्वभाव आहे, पोरक्या मुलांना दिलेली माया आहे. म्हणजे 'काही नाही, घरीच असते' या वाक्यात जे जे दडलेले असते तेच सारे आहे. लक्ष्मीबाईंना ते लिहिण्याजोगे वाटले, कारण त्यात त्यांना देवाचा हात दिसला. प्रत्येक गृहिणीने पुस्तक लिहावे असे आमचे म्हणणे नाही. पण आपण जगतो ते लिहिण्याच्या योग्यतेचे आहे, एवढा विश्वास प्रत्येकीने बाळगावा.

आपल्या बोलीविषयीही हेच सांगावयाचे आहे. घरात आपली बोली बोलावयाची आणि पाहुणे आले की मुलांनी ती बोलू नये म्हणून डोळे वटारावयाचे, असे प्रकार आम्ही पाहतो. ज्या तोंडाने आई हाक मारते त्या तोंडाची लाज मुलाला वाटू लागली, म्हणजे त्याच्या आत्मसन्मानाचे मूळच कापले जाते. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ मध्ये ते गोव्यास आले, येथील भाषा शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचे ख्रिस्तपुराण प्रसिद्ध झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या माणसाला जी भाषा प्रभूचे चरित्र गाण्याच्या योग्यतेची वाटली, तिची आपणांस लाज वाटावी काय? आणि आपल्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये धाराशिव येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तो मान मिळविणारे ते पहिले ख्रिस्ती. २०२४ मध्ये ते आपणांतून गेले. वाडीतल्या घरात वाढलेल्या मुलाने बोलीची लाज बाळगली असती, तर तो संमेलनाच्या व्यासपीठापर्यंत पोहोचला असता असे आम्हांस वाटत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे इष्ट होईल. आत्मसन्मान म्हणजे अहंकार नव्हे. अहंकारी माणूस आणि स्वतःला तुच्छ लेखणारा माणूस हे वरवर पाहता एकमेकांच्या उलट दिसतात. परंतु दोघांचा रोग एकच. दोघेही सदैव तराजूकडे पाहत असतात. एकाचे पारडे खाली म्हणून तो हसतो, दुसऱ्याचे वर म्हणून तो रडतो. ज्याला आपले मोल देवाने ठरविले आहे हे कळले, त्याला तराजूकडे पाहण्याची गरजच उरत नाही. तो मोकळ्या मनाने दुसऱ्याचे कौतुक करू शकतो आणि मोकळ्या मनाने स्वतःची चूकही कबूल करू शकतो. पापाची जाणीव आणि स्वतःविषयीची घृणा यांतही असाच भेद आहे. पापाची जाणीव माणसाला पापनिवेदनाला आणि तेथून घरी नेते. घृणा त्याला अंधाऱ्या खोलीत बसवून ठेवते. पहिली देवाकडून येते, दुसरी कोठून येते हे आपण ओळखावे.

प्रभूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मघाचा दिनार पुन्हा भेटतो. मळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, पुन्हा दिवसा लावतो, आणि दिवस मावळावयास तासभर उरला असतानाही चौकात उभ्या असलेल्यांना बोलावून नेतो. संध्याकाळी सर्वांच्या हातावर तो सारखाच दिनार ठेवतो. आपण हा दाखला ऐकतो तेव्हा पहाटेपासून राबणाऱ्यांची बाजू घेतो, कारण आपण स्वतःला त्यांच्यात धरतो. परंतु दिवसभर चौकात उभे राहणाऱ्यांचा विचार आपण केला आहे काय? स्थानकाबाहेर सकाळी मजुरांचा नाका भरतो. नऊ वाजेपर्यंत धडधाकट माणसे निवडून नेली जातात. दहा वाजता तेथे उरतात ते म्हातारे, अशक्त, नवखे. काम न मिळालेल्या त्या माणसाचे दुःख केवळ मजुरी बुडाल्याचे नसते. आपण कोणालाच नको आहोत, हे ते दुःख असते. मळ्याचा धनी शेवटच्या तासाला पुन्हा चौकात गेला, तो कामासाठी गेला असे आम्हांस वाटत नाही. तासाभरात काम ते कितीसे होणार? तो गेला माणसांसाठी.

तेव्हा आपण काय करावे? केवळ उपदेश करून व्यासपीठ सोडणे बरे नव्हे, म्हणून चार सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली सूचना घरासाठी. बहुतेक घरांत संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना अजून होते. जेथे बंद पडली असेल तेथे ती पुन्हा सुरू करावी. प्रार्थनेच्या शेवटी घरातल्या प्रत्येकाने, त्या दिवशी दुसऱ्या कोणी केलेल्या एका कामाबद्दल, त्याचे नाव घेऊन देवाचे आभार मानावेत. आज आईने ताप असताना भाकरी केली. आज दादाने आजीला दवाखान्यात नेले. पाच मिनिटांचे काम आहे. परंतु ज्याचे नाव देवासमोर कृतज्ञतेने घेतले जाते, त्याला आपण नकोसे आहोत असे वाटणे कठीण आहे.

दुसरी सूचना कामाच्या ठिकाणासाठी. आपल्या हाताखालच्या माणसाला, इमारतीच्या पहारेकऱ्याला, घरकामाच्या बाईला, नाव विचारून नावाने हाक मारावी, आणि ठरलेले पैसे ठरल्या दिवशी द्यावेत. श्रद्धेची सोमवारची परीक्षा येथे होते.

तिसरी सूचना मंडळासाठी. गुणवंतांचा सत्कार दरवर्षी होतो, तो व्हावाच. परंतु पुढील वर्षापासून त्याच व्यासपीठावर, त्याच हाराने, आणखी काही जणांचा सत्कार व्हावा: आईवडिलांचे अंथरुणातले दुखणे वर्षानुवर्षे काढणारी मुलगी किंवा सून, वयाच्या सत्तरीतही वाडी राखणारा शेतकरी, चर्चचे आवार नित्य झाडणारा माणूस, नापास होऊन पुन्हा परीक्षेला बसलेले मूल. स्मरणिकेत त्यांची नावे गुणवंतांच्या यादीतच छापावीत, निराळ्या पानावर नव्हे.

चौथी सूचना आम्ही मांडू नये असे काही मित्रांनी सुचविले होते, तरी मांडतो. वधू-वर सूचीतील कूळ-मूळ विचारणारा रकाना काढून टाकावा. स्वभाव, आरोग्य, आचरण, श्रद्धा यांची चौकशी कुटुंबे करतीलच. परंतु प्रभूने जो प्रश्न कोणालाही कधी विचारला नाही, तो आपल्या समाजाच्या छापील कागदावर असू नये. आज ही सूचना कोणास पटली नाही तरी आमचा राग नाही. कार्यकारिणीने ती टिपून ठेवावी आणि पुढच्या सभेत तिच्यावर मोकळी चर्चा व्हावी, एवढीच प्रार्थना.

बंधुभगिनींनो, आमच्या नावापुढे मोठी पदवी नाही. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि खडूची धूळ, एवढ्यावर आम्ही आयुष्य काढले. ही धूळ अंगावर घेऊन आम्ही एक गोष्ट निश्चित शिकलो. ज्या मुलाला एकदा कोणी 'तू आम्हांस हवा आहेस' असे मनापासून सांगितले, ते मूल हुशार असो वा नसो, उभे राहते. देवाने हे वाक्य प्रत्येक माणसाला त्याच्या जन्माबरोबरच सांगितलेले आहे. ते त्याच्या कानापर्यंत पोहोचविण्याचे काम मात्र त्याने आपल्यावर सोपविले आहे. घरी गेल्यावर आपापल्या घरातल्या पाचव्या चिमणीकडे एकदा पाहावे, आणि ती व्यक्ती आपण स्वतःच असलो तर आरशात पाहून तेच वाक्य स्वतःलाही सांगावे.

 जय ख्रिस्त.